दहा मिनिटांचे मोजमाप

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संस्थेतल्या एका सहकाऱ्याला रात्री अकराच्या सुमारास रुग्णालयात न्यावे लागले. त्याने स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला होता. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी शर्थ करून त्याला वाचवले. केसपेपरवर ‘एमएलसी’ असा शिक्का पडला, पोलीस आले, जबाब झाला. चौथ्या दिवशी त्याला घरी सोडले. डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे होती, रक्ततपासणीचे आकडे होते आणि ‘प्रकृती स्थिर’ असा शेरा होता. त्याच्यावर ही वेळ का आली, घरी गेल्यावर त्याच्याजवळ कोण असेल, पुन्हा तसे वाटू लागले तर त्याने कुठे जायचे, यांपैकी एकाही गोष्टीचा त्या कार्डावर उल्लेख नव्हता.

पुढे बऱ्याच काळाने तो या विषयावर आमच्याशी बोलला. त्या चार दिवसांतले त्याला फारसे काही आठवत नव्हते. एक मात्र पक्के आठवत होते. रात्रपाळीच्या एक सिस्टर त्याच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या, “घरी कोण कोण असतं तुमच्या?” असे त्यांनी विचारले, आणि दहाएक मिनिटे त्या नुसत्या ऐकत राहिल्या. “सलाईनने मी जगलो असेन, पण जगावंसं वाटलं ते त्या दहा मिनिटांनी,” असे तो म्हणाला.

आम्ही संशोधक माणसे. जे मोजता येत नाही त्यावर पटकन विश्वास ठेवायचा नाही, ही आमची सवय. सलाईनचा परिणाम मोजता येतो. दहा मिनिटांच्या बोलण्याचा परिणाम कसा मोजायचा? शोध घेऊ लागलो तेव्हा कळले, की हा प्रश्न आमच्या आधी पुष्कळांना पडला होता आणि त्याचे उत्तर काही अंशी आकड्यांत मिळालेलेही आहे. त्या शोधाची हकीकत या लेखात सांगत आहोत.

बोस्टनमधली आग

सुरुवात एका दुर्घटनेपासून करावी लागते. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री अमेरिकेतील बोस्टन शहरात ‘कोकोनट ग्रोव्ह’ नावाच्या नाइट क्लबला आग लागली आणि ४९२ माणसे दगावली. जखमींना बोस्टन सिटी हॉस्पिटल व मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल या दोन रुग्णालयांत नेण्यात आले. भाजलेल्यांवरील उपचारांच्या इतिहासात ही रात्र महत्त्वाची मानली जाते. रक्तद्रव देण्याच्या पद्धती, जखमा बांधण्याच्या पद्धती यांविषयी त्या रुग्णांवरून बरेच ज्ञान मिळाले. त्या वेळी अगदी नवे असलेले पेनिसिलीनही काही रुग्णांना देण्यात आले.

पण एक गोष्ट शस्त्रक्रियातज्ज्ञांना कोड्यात टाकत होती. जखमा भरत असूनही काही रुग्ण सावरत नव्हते. कुणाची पत्नी आगीत गेली होती, कुणाचा भाऊ. तेव्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांना पाचारण करण्यात आले. लिंडमन मूळचे जर्मनीचे. त्यांनी या रुग्णांशी आणि मृतांच्या नातेवाइकांशी बोलायला सुरुवात केली. शोकात बुडालेल्या इतर काही माणसांची भर घालून त्यांनी एकूण १०१ जणांच्या नोंदी केल्या आणि १९४४ साली त्यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला.

त्या निबंधाचे वेगळेपण असे, की एखादा वैद्य तापाचे वर्णन करतो तसे लिंडमन यांनी शोकाचे केले. शोकाची लाट वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते, घसा दाटतो, श्वास अपुरा पडतो, वारंवार सुस्कारे येतात, पोटात खड्डा पडल्यासारखे वाटते. माणूस स्वतःला दोष देत राहतो, जवळच्यांवर चिडतो, रोजची साधी कामेही त्याला जमेनाशी होतात. ही सारी लक्षणे वेडाची नसून एका नैसर्गिक प्रक्रियेची आहेत, आणि ती प्रक्रिया पुरी व्हायला कुणाची तरी सोबत लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही सोबत फक्त मनोविकारतज्ज्ञानेच द्यायला हवी असेही नाही. धर्मगुरू आणि समाजसेवकही ती देऊ शकतात, असे त्यांनी सुचवले.

त्यांच्या नोंदींत एक तरुण आहे. आगीतून तो वाचला, त्याची पत्नी मात्र गेली. शरीराने बरा होऊन तो घरी परतला. काही दिवसांनी, ‘मी तिला वाचवायला हवे होते’ या एकाच विचाराने पछाडलेला असा तो पुन्हा रुग्णालयात दाखल झाला. थोडा सुधारतो आहे असे वाटत असतानाच परिचारिकेची नजर चुकवून त्याने आपले आयुष्य संपवले. भाजलेल्या त्वचेवरील उपचार पुरे झाले, तरी माणसावरचा उपचार पुरा झालेला नसतो, हे त्या एका नोंदीने वैद्यकाला दाखवून दिले.

१९४८ साली लिंडमन यांनी बोस्टनजवळच्या वेलस्ली गावात एक मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले. त्यांचे सहकारी जेराल्ड कॅपलन यांनी पुढे या विचाराला शास्त्रीय चौकट दिली. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा या संदर्भात उल्लेख होतो. अडचण सोडवण्याचे नेहमीचे सगळे मार्ग थकतात तेव्हा माणूस ‘संकटावस्थेत’ जातो. ही अवस्था कायम टिकत नाही. साधारणतः चार ते सहा आठवड्यांत ती या ना त्या बाजूला निवळते. आणि या काळात मिळालेली थोडीशी मदतही फार मोठा फरक करते. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेल्या पावसाच्या थेंबाचे उदाहरण घ्या. वीतभर इकडे पडला तर सावित्रीबरोबर तो कोकणात जाईल, वीतभर तिकडे पडला तर कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला मिळेल. खाली उतरल्यावर त्याला वळवायला धरण बांधावे लागते, माथ्यावर मात्र बोटाचा आधार पुरतो. रुग्णालयाची कॅज्युअल्टी हा असा माथा आहे.

एडिनबरोचा तिसरा वॉर्ड

हे सारे समजण्यासाठी एक अडसर मात्र दूर व्हावा लागणार होता. इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. म्हणजे कॅज्युअल्टीत आलेला माणूस एकाच वेळी रुग्ण आणि आरोपी असे. असा माणूस मन मोकळे करील तरी कसा? १९६१ साली ब्रिटिश पार्लमेंटने तो कायदा रद्द केला. त्याच वर्षी तिथल्या आरोग्यखात्याने एक परिपत्रक काढले. आत्महत्येचा प्रयत्न ही वैद्यकीय व सामाजिक समस्या समजावी आणि रुग्णालयात आलेल्या अशा प्रत्येक रुग्णाची मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, असा त्याचा आशय होता.

स्कॉटलंडचा कायदा निराळा. तिथे असा प्रयत्न हा स्वतंत्र गुन्हा कधी नव्हताच. त्यामुळे असेल किंवा इतर कारणांनी असेल, एडिनबरोच्या रॉयल इन्फर्मरीत या बाबतीत आधीच काम सुरू झाले होते. तिथला तिसरा वॉर्ड १८७९ साली वातभ्रम झालेल्या रुग्णांसाठी उघडला होता. पुढे विषबाधेचे रुग्ण तिथे येऊ लागले. १९६० च्या दशकात तिथे असा शिरस्ता पडला, की विषबाधा सौम्य असो वा गंभीर, रुग्ण या वॉर्डात दाखल व्हायचा आणि शरीरावरील उपचारांबरोबरच मनोविकारतज्ज्ञ त्याच्याशी बोलायचा. नील केसल यांनी या वॉर्डातील रुग्णांचा अभ्यास करून १९६५ साली तो मांडला. या सगळ्यांनाच काही मनोविकार नव्हता. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट होती ती म्हणजे असह्य झालेला ताण. भांडण, एकटेपणा, दारू, पैशाची चणचण अशी त्याची कारणे होती. १९६८ साली ब्रिटनमधील एका सरकारी समितीनेही प्रत्येक रुग्णाच्या मानसिक तपासणीची शिफारस केली.

आपल्याकडचा शिक्का

आता आपल्या देशाकडे वळू. १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम ३०९ होते. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत साध्या कैदेची शिक्षा त्यात सांगितली होती. हे कलम ब्रिटिशांनी आणले. त्यांनी आपल्या देशातला कायदा १९६१ मध्ये रद्द केला, आपल्याकडचे कलम मात्र राहिले. १९७१ साली विधी आयोगाने ते काढून टाकण्याची शिफारस केली, तरीही ते राहिले.

१९८६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका पोलीस शिपायाचा खटला आला. अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर त्याला मानसिक आजार जडला होता. पत्नीला भाजी विकण्यासाठी परवाना मिळावा म्हणून तो महापालिकेच्या कचेरीत गेला, आयुक्तांची भेट होऊ शकली नाही, आणि तिथेच त्याने स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला. त्याला वेळीच अडवण्यात आले आणि नंतर त्याच्यावर कलम ३०९ लागले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी निकालपत्रात हे कलमच घटनाबाह्य ठरवले. अशा माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचारांची गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच मार्ग धरला, पण १९९६ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला आणि कलम पुन्हा जिवंत झाले.

दरम्यान १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या याचिकेवर एक निकाल दिला. स्कूटरवरून जाताना अपघात झालेल्या एका माणसाला ‘ही पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या’ असे सांगून रुग्णालयाने परत पाठवले होते आणि वाटेतच तो दगावला होता. त्यावर न्यायालयाने सांगितले, की आधी जीव वाचवायचा, कागदपत्रे नंतर. आज कॅज्युअल्टीत कुणालाही परत पाठवता येत नाही, त्यामागे हा निकाल आहे.

कलम ३०९ ची धार प्रत्यक्षात बोथट झाली ती २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी मानायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ सारखे सरसकट कलम उरलेले नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला असा प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे.

कायदा बदलला तरी दीडशे वर्षांची सवय लगेच जात नाही. आजही नातेवाईक ‘चुकून पोटात गेले’ असे सांगतात, आणि केसपेपरवरही तसेच लिहिले जाते. कारणच खोटे नोंदले गेले, की पुढचा प्रश्न विचारण्याची वाट आपोआप बंद होते.

पत्रांचा प्रयोग

समजा, कायदाही आड आला नाही. तरी आमचा मूळ प्रश्न उरतोच. नुसत्या विचारपुशीने मृत्यू टळतात याला पुरावा काय?

पहिला धीट प्रयोग केला सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून युरोपात असताना ओळखीची एक मुलगी त्यांना नियमित पत्रे पाठवी. कुणीतरी आपली आठवण ठेवते आहे या जाणिवेचे मोल त्यांनी तिथे अनुभवले होते. १९६९ ते १९७४ या काळात त्यांनी नैराश्य वा आत्महत्येचे विचार यांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या ३,००५ व्यक्तींची माहिती मिळवली. त्यांपैकी ८४३ जणांनी पुढचे उपचार घ्यायला नकार दिला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला काहीच पाठवले नाही. दुसऱ्या गटातील ३८९ जणांना पाच वर्षांत २४ लहानशी पत्रे पाठवली. त्यांत उपदेश नव्हता, तपासणीला या असा आग्रह नव्हता. तुमची आठवण आहे, तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटल्यास कळवा, इतकाच मजकूर. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळणाऱ्या गटातील आत्महत्यांचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले.

विज्ञानात एक प्रयोग पुरत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे विषबाधेच्या ७७२ रुग्णांवर असाच प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात आठ पोस्टकार्डे पाठवलेल्या गटात पुन्हा प्रयत्न करणाऱ्या माणसांची संख्या फारशी घटली नाही, पण अशा प्रयत्नांची एकूण संख्या जवळपास निम्मी झाली. न्यूझीलंडमधील एका प्रयोगात मात्र असा फायदा स्पष्टपणे दिसला नाही. म्हणजे पत्र हा रामबाण उपाय नव्हे. तरीही सलग संपर्काला काही अर्थ आहे असे मानायला जागा होती.

पाच शहरे आणि चेन्नई

सर्वांत लक्षवेधी आकडे आले ते जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगातून. ब्राझीलमधील कँपिनास, भारतातील चेन्नई, श्रीलंकेतील कोलंबो, इराणमधील कराज आणि चीनमधील युनचेंग या ठिकाणच्या आठ रुग्णालयांचे आपत्कालीन विभाग त्यात सहभागी होते. चेन्नईतील कामाची धुरा डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्याकडे होती. १९८६ साली चेन्नईत ‘स्नेहा’ ही संस्था त्यांनीच सुरू केली.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर कॅज्युअल्टीत आलेल्या १,८६७ जणांचे पुन्हा चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला नेहमीच्या उपचारांखेरीज दोनच गोष्टी मिळाल्या. घरी सोडण्याच्या सुमारास एक तासाचे बोलणे, आणि पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. पहिल्या तीन महिन्यांत या भेटी दाट होत्या, नंतर विरळ होत गेल्या. तासाभरात काय बोलायचे? हे कृत्य ताणाचे लक्षण आहे, असा विचार पुन्हा येऊ शकतो, तो कशाने बळावतो, कशाने ओसरतो, दुसरे मार्ग कोणते आणि मदत कुठे मिळते.

अठरा महिन्यांनी मोजणी झाली. नेहमीच्या उपचारांच्या गटातील ८२७ जणांची माहिती मिळाली, त्यांपैकी १८ जणांनी आत्महत्या केली होती. दुसऱ्या गटातील ८७२ जणांची माहिती मिळाली, त्यांपैकी २ जणांनी. टक्केवारीत हे प्रमाण २.२ आणि ०.२ असे येते. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

विद्यार्थ्यांपुढे हे आकडे ठेवताना त्यांच्या मर्यादाही सांगाव्यात. दीडशेहून अधिक लोकांचा शेवटपर्यंत माग लागला नाही. मृत्यूंचे आकडे लहान आहेत, त्यामुळे एकदोन घटनांनीही टक्केवारी हलते. पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांच्या संख्येत पाचही ठिकाणी मिळून ठळक फरक पडला नाही. हे सारे खरे. पण चिठ्ठ्या टाकून केलेल्या गटांत १८ आणि २ असा फरक निव्वळ योगायोगाने पडणे अवघड आहे.

पुष्कळदा आपण ऐकतो, की ‘ज्याला जायचे तो जाणारच’. हा समज तपासायलाही आकडे आहेत. २०१४ साली १७७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. स्वतःला इजा करून घेऊन रुग्णालयात आलेल्यांपैकी पुढच्या पाच वर्षांत आत्महत्येने दगावलेल्यांचे प्रमाण सुमारे ३.९ टक्के होते आणि त्यांतले १.६ टक्के पहिल्याच वर्षातले. सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत हे प्रमाण फार मोठे आहे, म्हणून घरी सोडल्यानंतरचा काळ जपायला हवा. पण शंभरांतील ९६ जण पाच वर्षांनंतरही या मार्गाने गेलेले नसतात, हेही त्याच आकड्यांत आहे.

शाळेच्या फाटकाशी

आमच्या कॅज्युअल्टींतील गर्दी आम्ही पाहिली आहे. एका निवासी डॉक्टरपुढे दहा खाटा, बाहेर नातेवाइकांचा घोळका, त्यात अपघाताची गाडी आलेली. तासभर बोलायला त्या डॉक्टरने वेळ कुठून काढायचा? म्हणूनच हे काम एखाद्याच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही, त्यासाठी माणूस नेमावा लागेल. चेन्नईच्या प्रयोगाला महागडे यंत्र लागले नाही. प्रशिक्षित माणूस, फोन आणि नऊ तारखांची नोंदवही एवढे लागले. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वाढवता येईल: पुढचा फोन कुणी आणि कधी करायचा.

यात शिक्षकांचा संबंध काय, असे कुणी विचारील. रुग्णालयातून सुटलेला माणूस कुणाचा तरी पालक असतो, कुणाचा माजी विद्यार्थी असतो, कधी शिक्षकांच्या खोलीतलाच सहकारी असतो. पहिले काही आठवडे धोक्याचे, आणि नेमके त्याच आठवड्यांत सगळे त्याला टाळतात. विचारले तर डोक्यात नसलेला विचार घातल्यासारखे होईल, अशी भीती असते. ही भीतीही तपासून झाली आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतील २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. आत्महत्येविषयी थेट प्रश्न विचारल्याने त्यांच्या मनातला ताण वा असे विचार वाढले नाहीत. तेव्हा शांतपणे विचारावे, ऐकावे, धोका दिसला तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या फलकावर असावा.

शेवटी आमच्याविषयी. आमचा सहकारी कामावर परतला तेव्हा आम्ही त्याच्याशी उपकरणांविषयी बोललो, अनुदानाविषयी बोललो, क्रिकेटविषयी बोललो. ती एक गोष्ट सोडून सगळ्याविषयी बोललो. त्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून आपण गप्प आहोत अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती. खरे तर अवघडलो होतो ते आम्ही. तो सावरला, यात आमचा वाटा काही नाही. ज्यांनी स्टूल ओढून दहा मिनिटे काढली त्या सिस्टरांचे नाव त्याला माहीत नाही, आम्हालाही नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही त्याच्या टेबलापाशी चहाला जातो आणि ‘कसा आहेस?’ असे विचारून उत्तर येईपर्यंत थांबतो.